‘असंच असतं’ हे उत्तर नव्हे

(राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने शिरूर येथे, शिरूर व दौंड तालुक्यांतील पालक, शिक्षक आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



विज्ञान दिनाच्या व्यासपीठावर कलाशाखेचा पदवीधर उभा आहे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटत असेल. ते रास्तच आहे. विज्ञान हा माझा विषय नव्हे. परंतु प्रश्न विचारणे हा माझा व्यवसाय आहे आणि गेली तीस वर्षे मी त्यावरच पोट भरतो आहे. संयोजकांनी महिनाभर आधी दोन्ही तालुक्यांतील मुलांकडून चिठ्ठ्या मागवून घेतल्या आणि तो गठ्ठा माझ्या हाती दिला. त्या चिठ्ठ्या घेऊन मी जाणकारांकडे गेलो, वाचले, पुन्हा विचारले. आज मी आपल्यासमोर एका टपालवाल्याच्या भूमिकेतून उभा आहे.

टपालावरून डॉ. जयंत नारळीकर यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले. मुले त्यांच्याकडे स्वाक्षरी मागायला येत, तेव्हा ते वहीवर सही करीत नसत. ‘मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी सहीनिशी उत्तर पाठवीन,’ असे सांगत आणि तसे ते पाठवीतही. विश्वोत्पत्तीचा विचार करणारा माणूस एखाद्या खेड्यातील मुलाच्या पोस्टकार्डाला उत्तर लिहायला वेळ काढतो, यात त्या मुलाचा सन्मान आहे आणि प्रश्नाचाही आहे.

मुलांच्या चिठ्ठ्या वाचताना मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. पाचवी-सहावीच्या चिठ्ठ्यांत ‘का’ होता, ‘कसे’ होते. नववी-दहावीच्या बहुतेक चिठ्ठ्यांत ‘कोणत्या शाखेला गेल्यावर काय होता येते’ असे होते. या चार वर्षांत तो ‘का’ कुठे जातो? त्याचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण तो घालविणाऱ्यांपैकी मीही एक आहे. ते शेवटी सांगेन. आधी चिठ्ठ्या.

दगडाला रांजण कोणी कोरले?

पहिली चिठ्ठी टाकळी हाजीच्या बाजूची आहे. ‘कुंडावरच्या दगडात एवढे गोल खड्डे कोणी पाडले?’

कुकडी नदी टाकळी हाजी आणि पलीकडचे पारनेर तालुक्यातील निघोज यांच्यामधून वाहते. मळगंगा देवीच्या दर्शनाला आपण जातो, तेव्हा पात्रातील काळ्या कातळात कोरलेले ते रांजणखळगे पाहतो. काही वाटीएवढे, काही माणूस उभा मावेल एवढे. आतून इतके गुळगुळीत, की जणू कुंभाराने चाकावर फिरवून काढले असावेत.

आणि चाक खरोखरच फिरले आहे. पुराचे पाणी कातळातील एखाद्या खळग्याशी अडते आणि तेथे भोवरा तयार होतो. त्या भोवऱ्यात सापडलेले गोटे आणि वाळू एकाच जागी गरगर फिरत राहतात. खलबत्त्यात बत्ता फिरावा तसा गोटा कातळ झिजवतो आणि स्वतःही झिजून जातो. त्याची जागा पुढच्या पुरात दुसरा गोटा घेतो. हे एका पावसाळ्याचे काम नव्हे. हजारो पावसाळे हा खल चालू आहे. छिन्नी पाण्याच्या हाती नव्हती, फक्त सातत्य होते.

दुसरी चिठ्ठी एका शेतकऱ्याच्या मुलाची आहे. ‘आमच्या विहिरीत काळ्या दगडाच्या मध्येच लाल मातीचा पट्टा लागला. दगडाच्या खाली माती कशी आली?’

असा प्रश्न पडायला विहीर खणताना काठावर उभे राहावे लागते. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्ह्याचे थरावर थर बाहेर पडले आणि त्यांतून दख्खनचे पठार घडले. मात्र हे सारे एका दमात झाले नाही. एक थर पसरला, थंडावला, मग मध्ये दीर्घ विश्रांती झाली. त्या काळात ऊनपावसाने त्या थराचा वरचा भाग कुजून त्याची माती झाली. त्यातील लोहाला गंज चढून ती तांबडी झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती वरून झाकून भाजून काढली. त्या मुलाच्या विहिरीतील लाल पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधला विसावा आहे.

आता संशोधन काय म्हणते ते पाहा. पश्चिम घाटातील अशा थरांमध्ये झिरकॉन नावाच्या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक सापडतात. त्यांतील युरेनियमचे ठरलेल्या गतीने शिसे होत जाते, म्हणून तो स्फटिक एक घड्याळच ठरतो. त्या घड्याळावरून आणि दुसऱ्या एका पद्धतीने खडकांचे वय मोजून अमेरिकेतील दोन संशोधकगटांनी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात आपले निष्कर्ष मांडले. बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, यावर दोघांचे एकमत झाले. एका गटाला त्यात चार मोठे उमाळे दिसले, दुसऱ्याला तसे वेगळे उमाळे आढळले नाहीत. डायनासोर नामशेष झाले तो हाच काळ. त्यात आकाशातून आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही. बालमित्रांनो, तुमच्या विहिरीतील मूठभर लाल मातीवर जगात एवढा खल चालला आहे!

पहिल्या पावसाचा वास आणि मोराचा निळा रंग

तिसरा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येऊन गेलेला आहे. ‘पहिला पाऊस पडला की मातीला वास का येतो?’

तो वास कोरड्या मातीतील काही तेलकट द्रव्यांचा असतो आणि मुख्यतः जिओस्मिन या द्रव्याचा असतो. मातीत राहणारे स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू ते तयार करतात. एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके काही भाग असले, तरी आपल्या नाकाला ते कळते. १९६४ साली ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी या सुवासाला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. आपल्याकडे कनोजचे अत्तर गाळणारे त्याच्या कितीतरी आधीपासून भाजक्या मातीतून तो वास चंदनाच्या तेलात उतरवीत आले आहेत. त्यांनी वास पकडला, शास्त्रज्ञांनी त्याचे कारण पकडले. दोन्ही कामे मोठीच आहेत, परंतु ती वेगवेगळी आहेत, हे ध्यानात असू द्यावे.

मग वास हवेत चढतो कसा? २०१५ साली अमेरिकेतील एमआयटीच्या अभियंत्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने थेंब टिपले. थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की त्याच्या तळाशी हवेचे बुडबुडे अडकतात, वर येतात आणि सोडावॉटरसारखे फुटून सूक्ष्म तुषार उडवितात. त्यांवर बसून वास आपल्यापर्यंत येतो.

पण जिवाणूने हा वास तयार करण्याची यातायात का करावी? २०२० साली त्याचे एक सुंदर उत्तर मिळाले. मातीत स्प्रिंगटेल नावाचे इवलेसे, उड्या मारणारे जीव असतात. त्यांना हा वास खेचून आणतो. ते जिवाणू खातात आणि त्यांची बीजे अंगाला चिकटवून दुसरीकडे पोहोचवितात. आपण ज्याला मृद्गंध म्हणतो, ते मुळात एका जिवाणूने दुसऱ्या जीवाला दिलेले जेवणाचे आमंत्रण आहे.

मोराची चिंचोली आपल्या शिरूर तालुक्यातली, तेव्हा मोरावर चिठ्ठी येणारच होती. ‘मोराचे पीस निळे का असते?’ याचे उत्तर ऐकून मी स्वतः चकित झालो. पिसात निळा रंगच नसतो! त्यातील रंगद्रव्य तपकिरी-काळे असते. परंतु त्या द्रव्याच्या अतिसूक्ष्म कांड्या जाळीसारख्या इतक्या नेटक्या रचलेल्या असतात, की प्रकाशातील ठरावीक रंगच परत फिरतात. कांड्यांमधील अंतर बदलले की निळ्याचा हिरवा होतो. पीस कुटून भुगा केला, तर रचना मोडते आणि हाती तपकिरी पूड उरते.

मोर नाचताना होणारी सळसळही निव्वळ हौस नव्हे. तो पिसारा सेकंदाला सुमारे २५ वेळा थरथरवितो. लांडोरीच्या डोक्यावरचा तुरा जवळपास त्याच गतीच्या कंपनांना सर्वाधिक साद देतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. म्हणजे लांडोर नृत्य पाहते आणि कदाचित तुऱ्यातून अनुभवतेही. जाता जाता एक सांगतो. मोराच्या अश्रूंपासून लांडोरीला पिल्ले होतात, असा एक समज आपल्याकडे भाविकपणे सांगितला जातो. तो खरा नाही. मोर-लांडोरीचे मीलन इतर पक्ष्यांसारखेच होते. मोर हा कार्तिकेयाचे वाहन आहे, आपला राष्ट्रीय पक्षी आहे. त्याच्या आदरासाठी खोट्या गोष्टीची टेकू म्हणून गरज नाही.

दौंडकरांचे दोन प्रश्न

कुकडीचे पाणी घोडेला मिळते, घोडेचे भीमेला आणि भीमेचे उजनीच्या जलाशयात साठते. दौंडच्या पुढे, भिगवणच्या पाणथळीवर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. एका मुलीने विचारले आहे, ‘रोहित गुलाबी कशाने होतो आणि मान उलटी करून का खातो?’

गुलाबी रंग त्याच्या अन्नातला. पाण्यातील शैवाल आणि बारीक कोळंबीसारखे जीव यांतील कॅरोटिनॉइड द्रव्ये त्याच्या पिसांत उतरतात. गाजराला रंग देणारे द्रव्य याच कुळातले. रोहितचे पिल्लू मात्र करड्या रंगाचे असते. उलट्या मानेविषयी मे २०२५ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झाले. रोहित पाण्यात उभा राहून नुसते गाळत नाही, तर भोवरे तयार करतो. पाय थबथबवून तळाचा गाळ उसळवितो, डोके झटक्याने सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर वेगाने वर खेचून लहानशी वावटळ उठवितो आणि उलट्या धरलेल्या सपाट चोचीपुढे भक्ष्य गोळा करतो. हे प्रयोग चिलीकडील जातीच्या रोहितांवर झाले.

गंमत पाहा. निघोजच्या कुंडावर ज्या भोवऱ्याने कातळ कोरला, तसाच भोवरा भिगवणच्या पाण्यात पक्ष्याचे पोट भरतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याला कळले, त्याला पाचव्याचे अर्धे उत्तर हाती आले. विज्ञान म्हणजे पाठांतराची सुटी सुटी वाक्ये नव्हेत, ते असे आतून जोडलेले असते.

दौंडचा दुसरा प्रश्न रेल्वेचा आहे. ‘न थांबणारी गाडी जवळ येताना शिट्टी बारीक ऐकू येते आणि पुढे गेली की जाडी होते. ड्रायव्हर दोन शिट्ट्या वाजवतो का?’ नाही बाळांनो, शिट्टी एकच असते. गाडी आपल्याकडे येत असताना ध्वनीच्या लाटा दाटतात, म्हणून स्वर चढतो. दूर जाताना त्या ताणल्या जातात, म्हणून स्वर उतरतो. डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ साली हे तत्त्व मांडले. १८४५ साली हॉलंडमध्ये आगगाडीच्या डब्यात तुतारीवादक बसवून त्याची परीक्षा घेण्यात आली. दौंड जंक्शनच्या फलाटावर ती परीक्षा रोज फुकट पाहायला मिते, फक्त कान द्यायला हवा.

आणि हाच धागा आपल्याला आकाशापर्यंत नेतो. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या दूरदृष्टीतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी ती आकाश ऐकते. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले, की या दुर्बिणीने एका अतिदूरच्या दीर्घिकेतून ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली ती लहर पकडली. आपल्यापर्यंत येईतो ती ताणून सुमारे ४८ सेंटिमीटरची झाली होती. येथे रेल्वेच्या शिट्टीशी नाते आहे, पण फरकही आहे. शिट्टीत गाडी धावते, येथे वाटेतले अवकाशच प्रसरण पावते. मध्ये असलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम केले आणि तो क्षीण संकेत सुमारे तीस पटींनी मोठा झाला, म्हणून तो सापडला. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय या भारतीय संशोधकांचे हे काम. पृथ्वीचा जन्म होण्यापूर्वी निघालेला निरोप पुणे जिल्ह्यातील एका गावाने घेतला!

घोडेच्या काठचे रांजण

आता शेवटची चिठ्ठी. त्यावर एकच ओळ आहे. ‘आमच्या गावात पूर्वी कोण राहत होते?’

घोड नदीच्या काठी, याच शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ पासून अनेक वर्षे तेथे उत्खनन केले. सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती त्यांना सापडली. ते लोक जव पिकवीत, गुरे पाळीत, चाकावर सुबक रंगीत भांडी घडवीत. घोडेच्या पुराचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी चारी आणि बांध बांधला होता. तीन हजार वर्षांपूर्वीचे हे आपल्या तालुक्यातील पाणी-नियोजन आहे.

ते लोक आपली दगावलेली लहान मुले घराच्याच जमिनीखाली पुरत. दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत आणि त्यांत त्या बाळाला निजवीत. मृत मूल त्यांना घराबाहेर जाऊ द्यायचे नव्हते, एवढे तर कोणत्याही आईबापाला उमगेल. मोठ्या माणसांना मात्र घोट्याखालची पावले तोडून पुरलेले आढळते. का? गेलेल्याने दूर जाऊ नये म्हणून, असा एक तर्क आहे. निश्चित उत्तर कोणापाशीही नाही.

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास या गावाची कळा पालटली. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, शिकारीवरचा भार वाढला आणि अखेरीस गाव ओस पडले. पाऊसमान घटले, दुष्काळ पडले, अशी उपपत्ती डॉ. ढवळीकरांनी मांडली. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन विदुषीने त्या रांजणांतील बालकांच्या हाडांचा अभ्यास केला आणि २०११ साली पुस्तक लिहिले. उत्तरकाळातील मुलांची वाढ खुंटलेली होती, हे हाडांनी सांगितले. परंतु केवळ हवामान हे एकच कारण पुरेसे आहे का, माणसांनी शेतीचे आणि पाण्याचे जे निर्णय घेतले त्यांचा वाटा किती, हा प्रश्न त्यांनी नव्याने उभा केला. आपल्याकडे पाण्याची पातळी खाली जाते, कूपनलिका खोल जातात, तेव्हा हा प्रश्न केवळ इतिहासाचा उरत नाही. घोडेच्या काठी एक गाव एकदा उठून गेले आहे.

ठाऊक असेल तर सांगेन

बंधू-भगिनींनो, आपल्या परंपरेत प्रश्नांवरून नाव पडलेले एक उपनिषद आहे, प्रश्नोपनिषद. सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषी त्यांना सांगतात, की वर्षभर येथे संयमाने राहा, मग हवे ते विचारा. मला ठाऊक असेल तर सारे सांगेन. त्यातील ‘ठाऊक असेल तर’ हे शब्द मला सर्वांत थोर वाटतात. ज्याला ऋषी म्हणून आपण वंदन करतो, तो आपल्या ज्ञानाला मर्यादा असू शकते हे आरंभीच मान्य करतो. आज मात्र कोणताही शोध लागला, की ‘हे तर आपल्याकडे आधीच होते’ असा संदेश भ्रमणध्वनीवर फिरतो आणि आपण तो न तपासता पुढे धाडतो. पूर्वजांचा गौरव त्यांच्या नावावर न केलेले शोध चिकटवून होत नाही. त्यांनी विचारले तसे विचारल्याने होतो.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझी एक लहानशी विनंती आहे. प्रत्येक घरात आणि वर्गात एक वही ठेवा. मुलाने विचारलेला, पण तुम्हांला उत्तर न आलेला प्रश्न तारखेसह त्यात लिहा. महिन्यातून एकदा त्यातील एक प्रश्न घेऊन कोणा जाणत्याकडे, ग्रंथालयात किंवा कुंडावर, फलाटावर, विहिरीच्या काठावर मुलासह जा. खर्च वहीचा.

आता राहिलेली कबुली देतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी दौंडच्या फलाटावर माझ्या सात वर्षांच्या मुलीने मला हाच शिट्टीचा प्रश्न विचारला होता. मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, ‘असंच असतं गं.’ तिने पुन्हा तो विषय काढला नाही. या व्याख्यानाची तयारी करताना परवा मी तिला दूरध्वनी केला आणि डॉप्लरची सारी गोष्ट सांगितली. ती हसली. म्हणाली, ‘बाबा, ते मला कॉलेजात कळलं. पण तेव्हा तुम्ही का नाही सांगितलंत?’ मी म्हणालो, ‘मला ठाऊक नव्हतं.’

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘मग तसंच का नाही सांगितलंत? आपण दोघांनी मिळून शोधलं असतं.’

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. मी तो वहीत लिहून ठेवला आहे.